औषधाबरोबर चार प्रश्नही द्यावेत

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, वर्धा, आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सामान्य रुग्णालय, वर्धा, यांस खुले पत्र



ज्या व्याधींत शरीराची प्रतिकारशक्ती परक्या जंतूंना सोडून स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर किंवा मेंदूवर उलटते, त्या व्याधींनी ग्रासलेली माणसे आपल्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आहेत. त्यांतील कोणी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, कोणी सावंगीस, तर कोणी पाऊणशे किलोमीटरांवरील नागपुरास जाऊन तज्ज्ञांचा सल्ला घेतात, औषधांची पिशवी घेऊन आष्टी, कारंजा, समुद्रपूर अशा दूरच्या तालुक्यांतील आपापल्या गावी परततात, आणि पुढील भेटीपर्यंतचे दोन-तीन महिने त्या औषधांच्या हवाली होऊन काढतात. त्या मधल्या काळात त्यांच्या मेंदूवर, मनावर आणि मज्जातंतूंवर औषधाचा काही अनिष्ट परिणाम होत आहे काय, हे त्यांना कोणीतरी ठरावीक रीतीने विचारावे, एवढी मागणी आपणां उभयतांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न पाठविता खुले ठेवण्याचे कारण असे की, हा प्रश्न जितका आपल्या दोन्ही कार्यालयांचा आहे तितकाच तो रुग्णाच्या घरच्यांचा, गावच्या आशाताईंचा आणि मेडिकलच्या दुकानात बसणाऱ्या औषधविक्रेत्याचाही आहे, आणि या सर्वांनी तो एकाच वेळी वाचावा अशी माझी इच्छा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करतो, की या औषधांविरुद्ध तक्रार करण्याचा या पत्राचा हेतू नाही. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस प्रथम कॉर्टिसोन दिले आणि जिला हालचालही दुष्कर झाली होती ती काही दिवसांतच चालू लागली, त्या घटनेने या व्याधींचा इतिहास पालटला, आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच व अन्य दोघा संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच देशात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील आपल्या प्रयोगशाळेत फोलिक आम्लाला विरोध करणाऱ्या द्रव्यांवर जे काम केले, त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट आज वर्ध्याच्या कोणत्याही मोठ्या औषधदुकानात मिळते, आणि ज्यांची बोटे वाकडी होऊन निरुपयोगी व्हावयाची ती असंख्य माणसे त्याच्या बळावर आपला संसार करीत आहेत. ल्युपस या अशाच एका व्याधीने मूत्रपिंडे निकामी होऊन ऐन तारुण्यात मृत्यू पावणाऱ्या मुली आज वाचतात, त्यांची लग्ने होतात, त्या माता होतात, हे याच औषधांचे उपकार होत. परंतु ज्या द्रव्यात एवढे सामर्थ्य आहे ते सांध्यापाशी किंवा मूत्रपिंडापाशी येऊन थांबत नाही. रक्ताबरोबर ते सर्व शरीरभर हिंडते, आणि ज्या इंद्रियास त्याची झळ लागण्याचा संभव असतो परंतु ज्याविषयी रुग्ण सर्वांत कमी बोलतो, असे इंद्रिय म्हणजे मेंदू.

कॉर्टिसोनच्या वंशातील प्रेडनिसोलोन हे या व्याधींत फार वापरले जाणारे औषध. लोक त्यास नुसते 'स्टिरॉइड' म्हणतात. ते सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच पुष्कळांची झोप उडते, मन अकारण उल्हसित किंवा अकारण खिन्न होते, चिडचिड वाढते, आणि मात्रा मोठी असेल तर क्वचित भ्रम होऊन नसलेले आवाज ऐकू येतात, आप्तांविषयी संशय येतो, जीव नकोसा होतो. हा परिणाम मात्रेच्या प्रमाणात वाढत जातो, हे १९७२ साली बोस्टन येथील औषधनिरीक्षण-कार्यक्रमाने रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी करून दाखवून दिले: दिवसाला ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रेडनिसोन घेणाऱ्यांत शेकडा १.३ जणांना मानसिक लक्षणे झाली, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत शेकडा ४.६ जणांना, आणि ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत शेकडा १८.४ जणांना. म्हणजे मोठ्या मात्रेवर असलेल्या दर पाच-सहा माणसांमागे एकाचे मन डळमळू शकते, ही गोष्ट वैद्यकाला अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. परंतु ती औषध घेणाऱ्याच्या बायकोला, सासूला किंवा भावाला सांगितली जातेच असे नाही. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायूही क्षीण होतात, आणि खाली बसून निंदण-खुरपण करणाऱ्या बाईला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईनासे होते. ती मात्र ते आपल्या मूळच्या आमवाताच्या खात्यावर जमा करून गप्प बसते.

दुसरा वर्ग सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांचा. पहिले नॉर्वेतील एका पठारावरील मातीतल्या बुरशीतून आणि दुसरे जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जंतूपासून मिळालेले; दोन्ही अवयवरोपणासाठी प्रसिद्ध झाली, आणि आज ल्युपसमुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकारात व अन्यत्रही दिली जातात. यांनी हात थरथरतात, डोके दुखते, तळव्यांत मुंग्या येतात. आणि रक्तातील प्रमाण किंवा रक्तदाब वाढला तर क्वचित मेंदूच्या मागील भागास सूज येऊन तीव्र डोकेदुखी, उलट्या, संभ्रम, दृष्टी जाणे आणि झटके असा भयंकर प्रसंग ओढवतो. १९९६ साली अमेरिकेतील वैद्यांनी अशा १५ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध करून या अवस्थेस नाव दिले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्मे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे होते. आणि त्या लेखातील सर्वांत आश्वासक बाब ही की, रक्तदाब आटोक्यात आणताच आणि औषधाची मात्रा उतरविताच किंवा ते थांबविताच, पंधरवड्याच्या आत ते रुग्ण पूर्ववत झाले. वेळीच ओळखले तर परत फिरणारा आणि न ओळखले तर कायमची हानी करणारा असा हा विकार असल्यामुळे, तो ओळखणारा माणूस गावापासून किती अंतरावर आहे यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहते. त्यात आणखी एक अडचण अशी की, खोकल्यासाठी गावच्या डॉक्टरने दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीच्या नायट्यासाठी दिलेल्या काही गोळ्या, इतकेच काय पपनसासारखे फळदेखील, रक्तातील या औषधांचे प्रमाण वाढवू शकते. आणि उलट क्षयाचे रिफॅम्पिसिन व अपस्माराची काही औषधे ते घटवितात. यास्तव टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाच्या खिशात तसे लिहिलेला कागद नसेल, तर साध्या खोकल्यावरचा प्रामाणिक उपचारही त्याच्या मेंदूस बाधू शकतो.

तिसरा वर्ग नव्या, महागड्या जैविक इंजेक्शनांचा. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिम्युमॅब, इटॅनरसेप्ट यांसारख्या औषधांनी क्वचित मज्जातंतूंवरील आवरण झिजून एका डोळ्याची दृष्टी मंदावते किंवा हातपाय बधिर होतात. परंतु आपल्याकडे याहून मोठे भय क्षयाचे. शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षय या औषधांनी जागा होऊ शकतो, आणि तो मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचला तर आठवडा-दोन आठवड्यांची डोकेदुखी, बारीक ताप आणि हळूहळू येणारी गुंगी एवढ्याच खुणांनी तो येतो. तो टाळण्यासाठी म्हणून आधी आयसोनियाझिड दिले, तर त्यानेही पायांच्या मज्जातंतूंस इजा होऊ शकते, म्हणून त्यासोबत पायरिडॉक्सिनची गोळी द्यावी लागते. या वर्गांबाहेरील गोळ्यांपैकी लेफ्लुनोमाइडने तळपायांची आग व बधिरता येते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन वर्षानुवर्षे घेतले तर डोळ्यांच्या पडद्यास अपाय होण्याचा धोका असतो, म्हणून पाच वर्षांनंतर दरसाल डोळे तपासून घ्यावयाचे असतात. आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्झेट चुकून रोज घेतले गेले तर प्राणावर बेतते. ही यादी वाचून कोणी घाबरू नये. यांतील बहुतेक परिणाम विरळ आहेत, पुष्कळसे मात्रा बदलताच ओसरतात, आणि त्यांना भिऊन औषध सोडणाऱ्याची व्याधी त्याची अधिक हानी करते. परंतु विरळ म्हणून त्यांची विचारपूसच करावयाची नाही, हे मात्र न्याय्य नव्हे.

या विषयाची खरी गुंतागुंत कोठे आहे, हे सांगण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. समजा, आर्वी तालुक्यातील एका गावात ल्युपस असलेली पंचविशीतली विवाहित मुलगी आहे. तिला महिन्यापूर्वी प्रेडनिसोलोनची मोठी मात्रा व मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू झाले आहे. आणि एके दिवशी ती रात्रभर जागी राहून स्वतःशी बोलू लागते, सासरच्यांवर विष घातल्याचा आरोप करते, तिचे डोके दुखते आणि अंगात बारीक ताप आहे. याची कारणे निदान तीन असू शकतात. तिचा ल्युपसच मेंदूपर्यंत पोहोचला असेल. कारण हा विकार मेंदूस व मज्जासंस्थेस किती परींनी ग्रासतो याचे वर्गीकरण अमेरिकेच्या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली केले, तेव्हा ते प्रकार १९ भरले. किंवा स्टिरॉइडने तिचे मन डळमळले असेल. किंवा प्रतिकारशक्ती दबल्यामुळे क्षयाचा अथवा बुरशीचा मेंदूज्वर झाला असेल. पहिल्या कारणावर स्टिरॉइड वाढवावे लागते, दुसऱ्यावर ते उतरवावे लागते, तिसऱ्यावर निराळेच औषध त्याच दिवशी सुरू करावे लागते. म्हणजे तीन कारणांची चिकित्सा परस्परविरुद्ध आहे, आणि लक्षणे मात्र एकच. हा निवाडा पाठीच्या कण्यातील पाण्याच्या तपासणीवाचून, मेंदूच्या चित्रावाचून आणि अनुभवी वैद्यावाचून होऊ शकत नाही, आणि तो गावात व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नाही.

गावात व्हावयास हवे ते याहून पुष्कळ साधे आहे: ही मुलगी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावयास हवी. परंतु आज अशा घरात काय होते ते आपण दोघेही जाणता. कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणते, नवऱ्याशी पटत नाही म्हणून सोंग करते. कोणी तिला मांत्रिकाकडे नेते, कोणी माहेरी धाडते. आणि ती औषधे घेते हे सर्वांस ठाऊक असूनही औषध व वेडेपणा यांचा काही संबंध असू शकतो हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, कारण तसे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. अशा स्त्रीची जी बदनामी होते ती मेंदूची सूज ओसरल्यावरही ओसरत नाही. आणि घरातील एखाद्या जाणत्या माणसास औषधाचा संशय आलाच, तर तो सर्व गोळ्या एकदम बंद करून टाकतो. कित्येक आठवडे स्टिरॉइड घेतल्याने तिच्या शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनविणे थांबविलेले असते, त्यामुळे असे अचानक बंद करण्याने रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. अज्ञानातून केलेली उपेक्षा आणि अज्ञानातून केलेला इलाज, दोहोंचा शेवट सारखाच वाईट. याखेरीज आणखी एक वर्ग असा आहे, की ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही: सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या व गोळ्या घेणारे वृद्ध. अशा कित्येक पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, आणि त्या घेणाऱ्यास आपण ते घेत आहोत याचा पत्ताही नसतो.

आता मी आपल्याकडेच हे मागणे का मागतो, ते सांगतो. कुष्ठरोगाने होणाऱ्या मज्जातंतूंच्या हानीचा माग गावोगाव फिरून काढण्याचे काम या देशात ज्या जिल्ह्यांनी प्रथम अंगीकारले, त्यांत वर्ध्याचे स्थान फार वरचे आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम उभारले. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा महात्मा गांधींनी सेवाग्रामच्या आश्रमात स्वहस्ते केली. आणि १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने, वर्ध्यास आपले ठाणे करून, डॉ. रा. वि. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन अंगांची कार्यपद्धती सिद्ध केली. ती पुढे देशाच्या कुष्ठरोग-कार्यक्रमाचा पाया झाली, आणि बहुऔषधी उपचार प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत राबविला गेला त्यांतही वर्धा होते. या कार्यपद्धतीचे मर्म कशात होते? पदवीधर डॉक्टर नसलेला, परंतु नीट शिकविलेला कार्यकर्ता घरोघर जात असे, त्वचेवरील चट्टा पाहत असे, डोळे मिटावयास सांगून तेथे स्पर्श कळतो की नाही हे तपासत असे, आणि शंका आली की रुग्णास पुढे पाठवीत असे. रुग्णाने आपण होऊन येऊन तक्रार सांगावी याची त्याने वाट पाहिली नाही, कारण बधिर झालेला भाग दुखत नाही आणि न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कोणी करीत नाही, हे त्यास शिकविलेले होते.

कुष्ठरोगाचा हा संबंध मी केवळ अभिमानापोटी जोडलेला नाही. कुष्ठरोगातही प्रतिकारशक्तीची जी आकस्मिक उसळी येते, तीत हातापायांचे मज्जातंतू सुजून एक-दोन आठवड्यांत लुळे पडू शकतात, आणि तेव्हा ते वाचविण्यासाठी दिले जाणारे औषध हे तेच प्रेडनिसोलोन असते. त्याच रोगाच्या दुसऱ्या प्रकारच्या उसळीवर थॅलिडोमाइडचा गुण जेरुसलेम येथील जेकब शेस्किन यांना १९६४ साली योगायोगाने आढळला. परंतु ज्या औषधाने ती उसळी शमते तेच औषध दीर्घकाळ घेतल्यास पायांच्या मज्जातंतूंची कधी कधी न भरून येणारी हानी करते, म्हणून ते घेणाऱ्याची संवेदना वरचेवर तपासावी लागते. एकच औषध मज्जातंतूचे तारक आणि मारकही कसे असू शकते, आणि त्या दोहोंतील फरक वारंवार केलेल्या साध्या तपासणीनेच कसा कळतो, हा धडा या जिल्ह्याने पूर्वीच गिरविला आहे. आज तोच धडा आमवात आणि ल्युपस यांच्या रुग्णांकरिता पुन्हा गिरवावयाचा आहे.

प्रश्न विचारण्याच्या बळावर औषधाचे भवितव्य कसे बदलते याचे एक उदाहरण परदेशातील आहे, आणि ते मला फार बोधप्रद वाटते. मज्जातंतूंचे आवरण नष्ट करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारावर नॅटॅलिझुमॅब नावाचे औषध नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत ते बाजारातून मागे घ्यावे लागले. कारण एरवी निरुपद्रवीपणे शरीरात राहणारा एक विषाणू ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत जागा होऊन त्याने मेंदूचा घास घेतल्याचे आढळले. औषध तर अत्यंत गुणकारी, आणि धोका तर प्राणघातक, असा तो पेच होता. २००६ साली ते औषध परत आले, परंतु एका अटीवर: ते घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी, आणि दर चार आठवड्यांनी शिरेतून औषध देण्यापूर्वी परिचारिकेने छापील कागद हाती घेऊन रुग्णास विचारावे, की गेल्या महिन्यात तुमच्या विचारांत, दृष्टीत, तोलात किंवा अंगातील शक्तीत काही नवा बदल झाला आहे काय. उत्तर 'होय' असेल तर त्या दिवशी औषध न देता डॉक्टरांस कळवावयाचे. ज्या देशात मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे मुबलक आहेत, त्या देशानेही पहिला भरवसा ठेवला तो एका परिचारिकेच्या मुखातील चार शब्दांवर. ब्रिटनमध्येही स्टिरॉइड घेणाऱ्यास जवळ बाळगण्याकरिता एक लहानसे कार्ड दिले जाते. या दोन्ही व्यवस्थांत मोठ्या खर्चाची बाब एकही नाही.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. पहिली, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांची प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय नोंदवही ठेवण्याचे परिपत्रक आपण काढावे. मधुमेह व रक्तदाब यांच्या रुग्णांची नोंद उपकेंद्रांतून होतेच, तीत ही एक पुरवणी जोडावयाची आहे. दुसरी, अशा प्रत्येक रुग्णास घडी करून खिशात किंवा बटव्यात ठेवता येईल असे मराठी पत्रक द्यावे, ज्यावर व्याधीचे नाव, औषधांची नावे व मात्रा, मेथोट्रेक्झेट असल्यास त्याचा वार, आणि 'ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत; दुसरे कोणतेही औषध घेण्यापूर्वी हा कागद दाखवावा' एवढा मजकूर ठळक अक्षरांत असावा. तिसरी, आशाताईंनी किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा या रुग्णांस चार प्रश्न विचारावेत, आणि ते प्रश्न त्याच पत्रकाच्या पाठीमागे छापलेले असावेत, म्हणजे घरची माणसेही ते विचारू शकतील.

ते चार प्रश्न कोणते असावेत हे ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे. मी केवळ मसुदा सुचवितो. झोप लागते काय, आणि स्वभाव बदलला, भास झाले किंवा जीव नकोसा झाला असे काही घडले काय? डोके नव्याने दुखते काय, सोबत ताप, उलटी, झटका किंवा दृष्टी अंधुक होणे असे काही आहे काय? हात थरथरतात काय, तळपायांना मुंग्या येतात किंवा ते बधिर होतात काय, आणि जमिनीवर बसून हाताचा आधार न घेता उठता येते काय? गेल्या महिन्यात कोणते नवे औषध सुरू झाले, आणि कोणते स्वतःहून बंद केले? झटका, भ्रम, तापासह डोकेदुखी, अचानक गेलेली दृष्टी, अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे आणि आत्मघाताचा विचार या सहा गोष्टींपैकी एकही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. उरलेल्या तक्रारींवर औषध देणाऱ्या डॉक्टरांशी त्या आठवड्यात संपर्क साधावा. मनाच्या तक्रारींकरिता शासनाची १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा उपलब्ध आहे. तिचा क्रमांकही त्या पत्रकावर असावा.

चौथी विनंती नोंदीविषयी. औषधांच्या दुष्परिणामांची दखल घेण्याकरिता भारत सरकारने २०१० सालापासून औषधदक्षता-कार्यक्रम चालविला आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही आपला अनुभव कळवू शकतो. खेड्यातील रुग्णाचा अनुभव तेथवर पोहोचत नाही तोवर ज्या आकड्यांच्या आधारे मात्रा ठरविल्या जातात ते आकडे बव्हंशी परक्या देशांतील, परक्या आहाराच्या व परक्या शरीरयष्टीच्या माणसांचे राहणार. आपल्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांपैकी सेवाग्रामचे, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेले महाविद्यालय, खेड्यांसाठी डॉक्टर घडविण्याच्या हेतूनेच निघाले. तेथील विद्यार्थी गाव दत्तक घेऊन घरोघर जातात. आणि तेथीलच कस्तुरबा रुग्णालयाने एके काळी शेतकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावांसाठी आरोग्यविमा चालविला. या विद्यार्थ्यांच्या हाती चार प्रश्नांचा कागद दिला, तर वर्षाअखेर या जिल्ह्याजवळ अशी माहिती जमेल, की जी अन्यत्र शोधूनही सापडणार नाही.

दोन आक्षेप संभवतात, त्यांचा विचार मी केला आहे. पहिला असा, की दुष्परिणामांची नावे सांगितल्याने माणसे भिऊन औषधे टाकतील. यात तथ्य आहे. परंतु सांगितल्यावाचून टाकणारे आजही थोडे नाहीत, आणि ते असे टाकतात की कोणास पत्ताही लागत नाही. ज्यास आधी सांगितले आहे की, झोप उडेल, ती पुढे परत येईल, आणि न आल्यास अमुक ठिकाणी विचारावे, तो झोप उडाल्यावर घाबरत नाही. ज्यास काहीच सांगितलेले नाही तो पहिल्याच रात्री औषधावरील विश्वास गमावतो. दुसरा आक्षेप आशाताईंवरील कामाच्या भाराचा, आणि तो अगदी रास्त आहे. त्यांच्या माथी आधीच किती कामे आहेत आणि त्यांचा मोबदला किती अल्प आहे, हे या जिल्ह्यात कोणी कोणास सांगावयास नको. म्हणूनच ही विचारपूस मोबदल्याच्या कामांत समाविष्ट व्हावी, तीस आवश्यक ते प्रशिक्षण कामाच्या वेळात दिले जावे, आणि जेथे रुग्णाची मेडिकलच्या दुकानाशी अधिक गाठ पडते तेथे औषधविक्रेत्यांच्या संघटनेस विश्वासात घ्यावे, अशी तजवीज करण्याची विनंती मी याच पत्रात जोडतो. विनामूल्य सेवेच्या नावाखाली गरीब स्त्रियांच्या श्रमांवर उभी राहिलेली योजना टिकत नाही आणि टिकूही नये.

सर्व जिल्ह्यात एकदम हे काम सुरू करावे असा माझा आग्रह नाही. एक तालुका घ्यावा. मी सेलू सुचवीन, कारण तो वर्ध्यास व सेवाग्रामास लागून असल्याने देखरेख सुलभ होईल. आणि त्याच्या जोडीला आष्टीसारखा दूरचा एक तालुका घ्यावा, म्हणजे अंतरामुळे पडणारा फरक आपोआप दिसून येईल. सहा महिन्यांनी नोंदवह्या उघडून पाहाव्यात, प्रश्नांचे शब्द लोकांना कळले की नाही हे तपासावे, जे निरुपयोगी ठरले ते काढून टाकावेत, आणि मगच जिल्हाभर परिपत्रक जावे. वार्डेकरांच्या पद्धतीनेही प्रथम काही गावांत आपली परीक्षा दिली होती आणि मगच ती देशास मान्य झाली.

ज्या रुग्णांची बाजू मी मांडीत आहे त्यांची संख्या मोठी नसेल, त्यांचा मोर्चा कधी आपल्या कार्यालयावर येणार नाही, आणि त्यांतील बहुतेक स्त्रिया आहेत, ज्यांना स्वतःच्या दुखण्याविषयी बोलण्याची सवय घराने लावलेली नाही. त्यांना व्याधी सोसावी लागते, औषधाचा खर्च सोसावा लागतो, आणि वर औषधाने मन किंवा शरीर बदलले तर त्याची बोलणीही सोसावी लागतात. यांतील पहिली दोन ओझी आपल्या कार्यालयांस एका दिवसात उतरविता येणार नाहीत. तिसरे मात्र एका परिपत्रकाने, एका छापील कागदाने आणि दरमहा विचारलेल्या चार प्रश्नांनी पुष्कळ हलके करता येईल. येत्या जिल्हा आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय आपण कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि त्यावर झालेला निर्णय वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा, ही आपणां उभयतांस आग्रहाची विनंती.



आपला नम्र,
वर्धा जिल्ह्यातील एक नागरिक